कॉलेजात छळाची तक्रार: समिती, पोलीस आणि 'मिटवणारी' माणसं

कॉलेजात मुलीचा लैंगिक छळ झाला की पहिलं वाक्य बहुतेक एकच ऐकू येतं: "प्रकरण बाहेर जाऊ देऊ नका." म्हणणारे कधी प्राचार्य असतात, कधी विभागप्रमुख, कधी मुलीचे स्वतःचे वडील. मग मुलाला केबिनमध्ये बोलावून समज दिली जाते, माफीनामा लिहून घेतला जातो, तो कागद कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडतो आणि पुढच्या सोमवारी मुलगी त्याच प्रॅक्टिकलला, त्याच बॅचमध्ये उभी राहते. याला आपल्याकडे 'मिटवलं' म्हणतात. नियमांच्या दृष्टीने मात्र तोवर काहीच झालेलं नसतं. ना तक्रार, ना चौकशी, ना निर्णय. उद्या त्याने दुसऱ्या मुलीला त्रास दिला, तर आधीचा प्रसंग घडल्याचा दफ्तरी पुरावाच नाही.

कॉलेजच्या आवारातल्या लैंगिक छळाची दखल कशी घ्यायची याची पद्धत लिहून ठेवलेली आहे. ती बऱ्यापैकी सविस्तर आहे, काही ठिकाणी चांगलीही आहे. अडचण एवढीच, की ती फार थोड्यांना माहीत असते. समितीवर बसलेल्यांनाही अनेकदा नसते, हे बाहेरची सदस्य म्हणून अशा समित्यांवर बसताना मी पाहिलं आहे.

थोडा मागचा धागा. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी या शासनाच्या 'साथिन', म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्त्या, म्हणून काम करत. त्यांनी एक बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1997 मध्ये विशाखा निकालाची मार्गदर्शक तत्त्वं आली. कायदा यायला पुढे सोळा वर्षं लागली. तो आला 2013 मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध. शिक्षणसंस्था त्यात येतात, पण विद्यार्थिनी काही कर्मचारी नसतात. ही फट भरायला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2015 चे विनियम काढले आणि मे 2016 मध्ये ते राजपत्रात आले. त्यानुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. कित्येक कॉलेजांच्या भिंतींवर अजून 'विशाखा समिती' असाच बोर्ड आहे. बोर्ड जुना असला तरी चालेल, त्याखालची नावं निवृत्त झालेल्यांची नसावीत.

दोन वाटा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कॉलेजची समिती ही एक वाट, पोलीस ही दुसरी. दोन्ही स्वतंत्र आहेत आणि एकीवर चालायला दुसरीची परवानगी लागत नाही. "आधी समितीकडे जा, मग पोलिसांकडे" असं सांगणारा प्राचार्य चुकीचं सांगतो. "पोलीस केस झालीय, आता आम्हाला चौकशी करता येत नाही" असं म्हणणाराही तितकाच चुकतो. समिती बघते ती शिस्तभंगाची बाजू: वर्ग, वसतिगृह, परीक्षा, नोकरी. गुन्हा झाला की नाही हे ठरवणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. 1 जुलै 2024 पासून यासाठी भारतीय न्याय संहिता लागू आहे. लैंगिक छळ कलम 75 खाली येतो, चोरून पाहणं किंवा चित्रण करणं 77 खाली, पाठलाग 78 खाली. पाठलागात मेसेजचा भडिमार आणि ऑनलाइन पाळतही धरली आहे.

कोणती वाट धरायची, दोन्ही धरायच्या की एकही नाही, हे तिने ठरवायचं. सज्ञान मुलीच्या बाबतीत मैत्रीण, रेक्टर, आई किंवा विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता, कुणीही हा निर्णय परस्पर घेऊ नये. 'तिच्या भल्यासाठी' तर मुळीच नाही. जिच्या मनाविरुद्ध एकदा काही घडलं आहे, तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्यांदा काही करू नये, इतकं साधं आहे हे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि महाराष्ट्रात तो नेहमी विसरला जातो. आपल्याकडे अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय बऱ्याचदा त्याच इमारतीत भरतं. तिथली मुलं सोळा-सतरा वर्षांची. मूल अठराच्या आतलं असेल तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा लागतो आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरतं. तिथे प्राचार्यांनी "आधी आपली समिती बसवू" म्हणणं हाच गुन्हा होऊ शकतो.

पहिले काही तास

मुलगी पहिल्यांदा सांगते ती समितीला नाही, पोलिसांनाही नाही. सांगते खोलीतल्या मैत्रिणीला, कधी मेसच्या मावशींना, कधी एखाद्या विश्वासातल्या मॅडमना. त्या माणसाने काय करावं? ऐकावं. "तू तिथे गेलीसच कशाला", "आधी का नाही सांगितलंस", "नक्की तसंच होतं का" हे तीन प्रश्न गिळून टाकावेत. ती आता सुरक्षित आहे का, रात्री कुणाबरोबर थांबणार, काही लागलंय का, एवढं विचारावं. आणि तिने सांगितलेलं वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम 72 खाली. नाव लिहिलं नाही पण 'टीवायची, अमुक गावची' असं लिहिलं, तरी ओळख उघड होतेच. सहानुभूतीच्या पोस्ट टाकणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

शारीरिक अत्याचार असेल तर वेळ महत्त्वाची. हॉस्पिटलमध्ये लवकर जावं. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना खराब होतो. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तरीही जावं. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो की खासगी, हॉस्पिटलने प्रथमोपचार आणि उपचार तातडीने आणि फुकट द्यायचे असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 397 तसं सांगतं आणि नकार देणाऱ्याला शिक्षा आहे. "आधी एफआयआर आणा" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. हॉस्पिटलला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर तिची संमती लागते आणि तिला नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, कुणी करायला निघालं तर ती अवैध आहे. अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

मुंबईत हॉस्पिटलमध्येच आधार मिळण्याची चांगली परंपरा आहे. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 2001 मध्ये 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे मुलगी केसपेपर काढून जाते. चौकीची पायरी चढायची नसते, म्हणून बोलणं सोपं जातं. इतर जिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर, काही ठिकाणी पोलिसांचा भरोसा सेल. तातडीला 112, महिलांसाठी 181, मोफत वकिलासाठी 15100.

पोलिसांकडे जायचं ठरलं तर हद्दीचा प्रश्न आडवा येऊ द्यायचा नाही. शैक्षणिक सहलीत महाबळेश्वरला घडलं आणि मुलगी नाशिकला परत आली, तर नाशिकच्या ठाण्यात 'झीरो एफआयआर' नोंदवता येतो. पुढे तो संबंधित ठाण्याकडे जातो. अशा गुन्ह्यात महिला अधिकाऱ्याने जबाब घ्यायचा असतो आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते.

अर्ज कसा लिहायचा

समितीकडचा अर्ज लेखी लागतो. लिहिणं जमत नसेल तर मदत करणं समितीचं काम आहे. मुदत तीन महिने. एकाच माणसाकडून प्रसंग पुन्हा पुन्हा घडत असतील तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे मात्र दार बंद होतं आणि ते किती घट्ट बंद होतं ते कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्ध तक्रार होती. शेवटचा प्रसंग एप्रिल 2023 मधला, तक्रार डिसेंबर 2023 मधली. मुदत टळली म्हणून ती तक्रार फेटाळली गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. वर न्यायालयाने सांगितलं, की हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटात नमूद झाला पाहिजे. न्याय म्हणून हे विचित्रच. तक्रार ऐकलीही नाही आणि पुसलीही नाही. (तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हेही याच प्रकरणात दिसतं.)

आता अर्जाचा मजकूर. पहिला मसुदा साधारण असा असतो: "गाइड सरांचं वागणं बरोबर नाही. ते नेहमी विचित्र बोलतात व त्रास देतात. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती." यात खोटं काहीच नाही, पण चौकशी कशाची करायची? तोच अर्ज पुन्हा लिहिला की असा होतो: "दि. 14 रोजी दुपारी चारच्या सुमारास चॅप्टरच्या दुरुस्त्या दाखवायला मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून 'तुझं सबमिशन माझ्या हातात आहे, जरा समजून घे' असं म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा लॅब असिस्टंट पॅसेजमध्ये होते. त्याच रात्री 11.40 ला सरांचा मेसेज आला, स्क्रीनशॉट जोडला आहे." तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होतं, नंतर कुणाला सांगितलं. विशेषणं कमी, क्रियापदं जास्त. तारीख आठवत नसेल तर "सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी" असं लिहिलं तरी चालतं. अंदाजाने पक्की तारीख ठोकू नये, कारण उलटतपासणीत पहिला धक्का तिथेच बसतो.

चॅट डिलीट करू नका. ब्लॉक करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी पूर्ण संभाषण नंबर आणि वेळ दिसेल असं जतन करा. नुसत्या एका मेसेजचा कापलेला स्क्रीनशॉट 'संदर्भ सोडून दाखवला' या एका वाक्याने उडवता येतो.

केबिनमध्ये घडलं तरच 'कॅम्पस' असं नाही. कॉलेजची बस, एनएसएसचं शिबिर, इंडस्ट्रियल व्हिजिट, इंटर्नशिप, गॅदरिंगची रंगीत तालीम, बाहेरगावच्या क्रीडा स्पर्धा, सगळं यात येतं. त्रास देणारा कॅन्टीनचा कंत्राटदार असला, तरी कॉलेजला हात झटकता येत नाहीत.

समितीवर कोण असतं

अध्यक्ष महिला, विद्यापीठात प्राध्यापकपदाची, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले. एकूण निम्म्या तरी महिला. आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांच्यापैकी कुणीही समितीवर नको. नियमातली ही सर्वांत शहाणी ओळ. ज्याला संस्थेचं नाव सांभाळायचं आहे, त्याच्या हाती चौकशी नको. प्रत्यक्षात काय होतं? विद्यार्थ्यांची निवडणूक होत नाही, मॅडम 'सुचवतात'. बाहेरची सदस्य संस्थाचालकांच्या ओळखीची निघते. तक्रारदार मुलीने अर्ज देतानाच समितीच्या नेमणुकीचा आदेश मागून घ्यावा. चुकीच्या रचनेची समिती पुढे न्यायालयात कोसळू शकते, आणि त्याचा फटका तिलाच.

दिल्लीच्या जेएनयूमध्ये 1999 पासून 'जीएसकॅश' नावाची समिती होती. तिच्यात विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी निवडून येत. कित्येकांना तो देशातला नमुना वाटे. 2017 मध्ये विद्यापीठाने ती बरखास्त करून अंतर्गत तक्रार समिती आणली, त्यावर मोठा वाद झाला. माझ्या मते तो वाद रास्त होता. निवडून आलेल्या माणसाला विद्यार्थी जाब विचारू शकतात, नेमलेला माणूस जाब देतो तो नेमणाऱ्याला.

चौकशी चालू असताना

अर्ज आल्यावर सात दिवसांत प्रत समोरच्याला जाते. त्याला उत्तराला दहा दिवस. नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण, पुढच्या दहा दिवसांत अहवाल, त्यानंतर तीस दिवसांत संस्थेने शिफारशी अमलात आणायच्या. नको असतील तर कारणं लेखी द्यायची. अपिलालाही तीसच दिवस.

पण खरा पेच असतो तो या नव्वद दिवसांतला. गाइड तोच, इंटर्नल मार्क त्याच्याच हातात, व्हायवा पुढच्या महिन्यात. इथे अंतरिम उपाय मागायचे असतात आणि ते बहुतेकींना कुणी सांगत नाही. त्याला तिच्या कामाचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. दोघांपैकी एकाचा विभाग बदलता येतो. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि तेवढ्यात तिचे हक्क अबाधित राहतात. त्याला लांब राहण्याची ताकीद देता येते, ठोस धोका असेल तर कॅम्पसबंदी करता येते. विभाग बदलायची वेळ आली तर शक्यतो त्याला हलवावं. आपल्याकडे सर्रास मुलीलाच "तू थोडे दिवस घरी जा" सांगतात.

सुनावणीच्या खोलीत तिला त्याच्यासमोर बसवावंच लागतं का? नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात काही मुलं मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसली होती. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले. हिरानाथ मिश्र प्रकरण म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1973 मध्ये न्यायालयाने ही पद्धत योग्य ठरवली. त्या मुलींना पुढेही तिथेच राहायचं होतं, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं. म्हणजे ही सोय पन्नास वर्षं जुनी आहे. समितीने दोघांना वेगळ्या वेळी बोलवावं, त्याचे प्रश्न लेखी घ्यावेत आणि आपल्या तोंडून विचारावेत. "कपडे कोणते होते" असले प्रश्न अध्यक्षांनी चाळणीतच अडवावेत. वकील कुणालाच आणता येत नाही.

पण आरोपीला बाजू मांडायची पुरेशी संधी द्यायलाच हवी. ही तक्रारदाराशी बेइमानी नाही, उलट तिचं संरक्षण आहे. गोवा विद्यापीठाचं प्रकरण यासाठी प्रत्येक समितीने वाचावं. 2009 मध्ये तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने पाच-सहा आठवड्यांत 18 बैठका घेतल्या, आरोपीने तब्येतीचं कारण देऊन मागितलेली मुदत नाकारली आणि एकतर्फी अहवाल दिला. विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सगळं रद्द केलं आणि चौकशी मे 2009 मध्ये जिथे होती तिथून पुन्हा सुरू करायला सांगितलं. चौदा वर्षांनी! तक्रार खोटी होती असं न्यायालय म्हणालं नव्हतं. घाई झाली, एवढंच. त्या विद्यार्थिनी तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील, आणि हिशेब पुन्हा शून्यावर. समितीतल्या चांगल्या हेतूच्या माणसांनी केलेली चूक तिलाच भोवली.

नीट झालेल्या अहवालाला मात्र मोठं वजन असतं, आणि ते मिळवून देण्यात पुण्याचा वाटा आहे. 'आलोचना' संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. 2012 च्या अंतिम निकालात ते पुन्हा ठासून सांगितलं. म्हणजे अहवाल आल्यावर "आता आम्ही वेगळी खातेनिहाय चौकशी नेमतो" म्हणत तिला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करता येत नाही.

समेट, शिक्षा, खोटी तक्रार

समेटाची सोय आहे, पण ती फक्त तक्रारदाराने मागितली तर. आणि पैसे देऊन समेट नाही. शिक्षा विद्यार्थ्याला वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती बंद होण्यापासून कॉलेजातून कायमचं काढण्यापर्यंत, सोबत सक्तीचं समुपदेशनही.

'खोटी तक्रार केली तर कारवाई होईल' ही ओळ काही कॉलेजं जागरूकता शिबिरात पहिल्या स्लाइडवर लावतात. नियम पुरा वाचला तर पुढचं वाक्य दिसतं: आरोप सिद्ध करता आला नाही, पुरावा अपुरा पडला, एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. ही दोन वाक्यं एकत्रच सांगावीत, नाहीतर सांगूच नयेत.

मुलगा किंवा तृतीयपंथी विद्यार्थी असेल तर? 2013 चा कायदा फक्त महिलांसाठी आहे. यूजीसीचे विनियम मात्र म्हणतात, की त्रास मुख्यतः महिलांना होत असला तरी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही त्याला बळी पडू शकतात आणि संस्थेने सगळ्यांच्या बाबतीत ठामपणे वागावं. लैंगिक ओळखीवरून केलेला छळ 2016 पासून रॅगिंगमध्येही धरला जातो, त्यामुळे अँटी रॅगिंगची 1800-180-5522 ही हेल्पलाइन आणखी एक दार आहे. प्रत्यक्षात या मुलांना समितीच्या दारात यायलाच फार धीर लागतो. वसतिगृहात रात्री घडलेलं सांगणाऱ्या मुलाला "अरे, मस्करी असते" हे उत्तर मिळतं.

शेवटचा मुद्दा वसतिगृहाच्या गेटचा. काही वाईट घडलं की दुसऱ्याच दिवशी मुलींच्या वसतिगृहाची वेळ साडेनऊवरून आठवर येते. मुलांचं गेट तसंच उघडं. यूजीसीच्या त्याच विनियमांत लिहिलं आहे, की सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत, आणि सुरक्षेच्या नावाखाली पाळत किंवा हिंडण्याफिरण्यावर बंदी नको. दिवे, येण्याजाण्याची सोय, समुपदेशक, हे मात्र संस्थेने द्यायचं आहे. रेक्टर मॅडमना बहुधा हे कुणी वाचून दाखवलेलं नसतं. अर्ज लिहिताना त्या विनियमाची प्रत सोबत जोडावी, पोच घ्यावी, आणि पोचेवर तारखेचा शिक्का आहे ना ते तिथेच पाहून घ्यावं.